‘व्हिंटेज बोहो सिल्क वेलवेट किमोनो’ : या नावातलं खरं किती आणि नुसतं नाव किती?

इन्स्टाग्रामवर थोडं खाली स्क्रोल केलंत की कधी ना कधी ते दिसतंच. गडद हिरवं किंवा वाईन रंगाचं, पुढून उघडं, गुडघ्याखाली जाणारं मखमली जॅकेट. अंगभर पानाफुलांची नक्षी, नक्षीच्या मधली जागा जाळीसारखी आरपार, आणि खालच्या कडेला वीतभर लांब झालर. घालणारी मुलगी एक गिरकी घेते, झालर तिच्यामागून गोल फिरते आणि खाली कॅप्शन येतं : व्हिंटेज बोहो सिल्क वेलवेट किमोनो.

एका पेजवर हे जॅकेट दीड-दोन हजारांना असतं, दुसऱ्या पेजवर त्याच्या दसपट. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात. मग फरक कशाचा? ऑर्डर करण्याआधी त्या पाच शब्दांचा अर्थ लावून बघितला, तर या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळतं. कारण त्यातला जवळपास प्रत्येक शब्द आपल्याला वाटतं त्यापेक्षा वेगळंच काहीतरी सांगत असतो.

मखमल हे धाग्याचं नाव नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. वेलवेट म्हणजे मखमल, आणि मखमल म्हणजे रेशीम असं आपण धरून चालतो. पण मखमल ही विणण्याची पद्धत आहे. रेशमाची मखमल असते, कापसाची असते, रेयॉनची असते आणि पॉलिएस्टरचीही असते.

साध्या कापडात उभे आणि आडवे असे दोनच प्रकारचे धागे असतात. मखमलीत उभ्या धाग्यांचा आणखी एक संच असतो, जो कापडातून वर उचलला जातो आणि नंतर कापला जातो. कापलेली ती टोकं उभी राहतात, तीच मखमलीची लव. हल्लीच्या मागांवर बहुतेकदा दोन कापडं समोरासमोर एकदमच विणतात, त्यांना जोडणारे धागे मध्ये ठेवतात आणि चालत्या मागावरच पात्याने ते मधोमध चिरतात. एका फटक्यात मखमलीचे दोन तागे तयार.

मखमलीचा रंग इतका खोल का दिसतो, याचं उत्तरही या लवेतच आहे. प्रकाश उभ्या टोकांवर पडतो आणि लवेच्या आत अडकतो. लव एका दिशेने थोडी झुकलेली असते, म्हणून एकीकडून हात फिरवला की कापड उजळ दिसतं, उलटा फिरवला की काळपट. जॅकेटच्या डाव्या आणि उजव्या बाजूची छटा वेगळी दिसत असेल, तर शिवणाऱ्याने कापड वाचवायला एक भाग उलटा कापलाय असं समजा. महागड्या पीसमध्ये ही चूक खपवून घेऊ नका.

आता ‘सिल्क वेलवेट’कडे येऊ. चांगल्या, महाग सिल्क वेलवेटचं लेबल नीट वाचलंत तर तिथे बऱ्याचदा आकडा असतो : १८ टक्के सिल्क, ८२ टक्के रेयॉन. म्हणजे ज्याला आपण रेशमी मखमल म्हणून कुरवाळतोय, ते वजनाने चार-पंचमांशापेक्षा जास्त रेयॉन आहे. रेशीम असतं ते मागच्या पातळ कापडात. हाताला लागणारी लव रेयॉनची.

ही फसवणूक आहे का? माझ्या मते, नाही. जगभर या कापडाला याच नावाने ओळखतात, त्याची पडण अप्रतिम असते आणि लेबलवर प्रमाण लिहिलेलं असेल तर काही लपवलेलंही नसतं. संपूर्ण रेशमाची मखमलही मिळते, पण तिचा भाव वेगळ्याच जगातला. खरी गडबड होते ती तिसऱ्या प्रकारात. शंभर टक्के पॉलिएस्टरच्या मायक्रो वेलवेटला ‘सिल्क वेलवेट’ म्हटलं जातं, आणि विचारलं तर उत्तर येतं, ‘मॅम, सिल्कसारखा फील आहे.’ पॉलिएस्टर वाईट नाही. ते टिकतं, धुता येतं, खिशालाही परवडतं. फक्त त्याच्यासाठी रेशमाचे पैसे मोजायचे नाहीत.

आईच्या कपाटातली ब्रासो आणि हे जॅकेट

त्या आरपार नक्षीला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात, फ्रेंचमध्ये देवोरे. देवोरेचा अर्थ ‘खाऊन टाकलेलं’. नाव परदेशी असलं तरी हे काम आपल्याकडे अनोळखी नाही. आईच्या किंवा मावशीच्या कपाटात एखादी ब्रासोची साडी निघते का बघा. जाळीदार पातळ कापडावर जाडसर फुलं, हात लावला की फुलं वर आलेली जाणवतात. तंत्र तेच.

यामागचं रसायनशास्त्र शाळेतल्या पुस्तकातलं आहे. कापूस आणि रेयॉन दोन्ही सेल्युलोजचे, म्हणजे वनस्पतीतून आलेले. आम्ल आणि उष्णता मिळाली की सेल्युलोज करपतं. रेशीम प्रथिनाचं असतं, ते हे आम्ल बऱ्यापैकी सहन करतं. म्हणून रेशमाच्या जमिनीवर रेयॉनची लव असलेली मखमल घ्यायची, जिथे नक्षीच्या मधली जागा मोकळी हवी तिथे सोडियम बायसल्फेट असलेली पेस्ट छापायची, वाळवून गरम करायची. तेवढ्या भागातली लव तपकिरी होऊन ठिसूळ होते, मग ती घासून आणि धुऊन काढतात. खाली उरतं फक्त रेशमाचं झिरझिरीत कापड. ब्रासो साडीत रेशमाच्या जागी पॉलिएस्टर असतं आणि जळून जातो तो बहुतेकदा कापूस.

सांगायला सोपं, करायला बेभरवशाचं. उष्णता कमी पडली तर लव निघत नाही, जास्त झाली तर खालचं कापडही जातं. म्हणून चांगल्या देवोरेत नक्षीची कड सुरीने कापल्यासारखी येते, स्वस्तात ती कुरतडल्यासारखी दिसते. कापड खिडकीसमोर धरलं की हे लगेच कळतं.

यातून एक साधी ओळखही मिळते. नक्षी आहे पण मधली जागा आरपार नाही, नुसतीच दबलेली किंवा चपटी आहे, तर ते बर्नआउट नाही. गरम रोलर दाबून उठवलेली ती एम्बॉसिंगची नक्षी. शंभर टक्के पॉलिएस्टरच्या मखमलीवर बहुतेकदा हेच असतं.

देवोरे मखमल खऱ्या अर्थाने गाजली १९२०च्या दशकात. रेयॉन तेव्हा नवं होतं. व्हिस्कोसच्या प्रक्रियेचं पेटंट १८९२चं, आणि ‘रेयॉन’ हे नाव रुळलं १९२४पासून, त्याआधी त्याला सरळ ‘कृत्रिम रेशीम’च म्हणत. कंबर सैल झालेल्या, सरळ पडणाऱ्या कपड्यांचा तो काळ, आणि त्यावर टाकायला अशा शाली आणि कोट हवेच होते. नंतर ही फॅशन मागे पडली. १९९०च्या दशकात ब्रिटनमध्ये जॅस्पर कॉनरन आणि जॉर्जिना फॉन एट्झडॉर्फ यांच्यासारख्या डिझायनरांनी ती पुन्हा आणली. आज ‘व्हिंटेज’ म्हणून विकायला येणारे बरेच देवोरे स्कार्फ या दुसऱ्या लाटेतले असतात, हे लक्षात ठेवा.

झालर : चीनची शाल, मनिलाचं नाव, स्पेनचा थाट

मराठीत याला आपला जुना शब्द आहे, दशा. पंच्याच्या किंवा उपरण्याच्या टोकाला विणून संपल्यावर सुटे राहिलेले उभे धागे म्हणजे दशा. ते उसवू नयेत म्हणून गाठी मारायच्या, गाठी नीटस दिसाव्यात म्हणून नक्षी करायची, आणि मग नक्षीसाठी धागे मुद्दाम लांब ठेवायचे. साडीच्या पदराला गोंडे करून घेतो तेव्हा आपणही हेच करतो.

पण या जॅकेटवरची लांब, लोंबणारी झालर आली मँटन दे मनिला नावाच्या शालीवरून. नाव मनिलाचं असलं तरी शाल मनिलाची नव्हती. चीनमध्ये कँटनच्या बाजूला भरतकाम केलेलं रेशीम फिलिपाइन्समधल्या मनिला बंदरात यायचं. तिथून स्पॅनिश गलबतं माल घेऊन पॅसिफिक ओलांडत मेक्सिकोतल्या अकापुल्कोला जायची, आणि पुढे तो स्पेनमध्ये सेव्हिलपर्यंत पोचायचा. हा गलबतांचा व्यापार १५६५ ते १८१५ असा अडीचशे वर्षं चालला. शाली लोकप्रिय झाल्या त्या मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. स्पेनमध्ये त्यांची झालर लांब आणि गुंतागुंतीची होत गेली. झालर गाठवण्याच्या कामाला आपण मॅक्रमे म्हणतो, तो शब्दही मूळ अरबी. फ्लेमेन्को नाचणाऱ्या बायका आजही ही शाल हवेत फिरवतात तेव्हा लक्ष भरतकामाकडे नाही, झालरीकडे जातं.

युरोप-अमेरिकेतल्या हौशी घरांत या शाली पियानोवर टाकल्या जात, म्हणून इंग्रजीत त्यांना ‘पियानो शाल’ असं नाव पडलं. १९२०च्या दशकात त्या पियानोवरून खांद्यावर आल्या. चार्ल्स्टनसारख्या उड्या-झटक्यांच्या नाचात झालर शरीराच्या अर्धा क्षण मागे राहते आणि मग झेप घेते. आजच्या रीलमधली गिरकी त्यासाठीच असते.

झालर तपासायची युक्ती सोपी आहे. हाताने गाठवलेल्या झालरीत धागे थेट कापडाच्या कडेतून ओवलेले असतात आणि गाठींची दोन-तीन ओळींची जाळी दिसते. स्वस्त झालर पट्टीवर तयार येते, मीटरवर विकतात, आणि ती लेससारखी कडेला शिवलेली असते. कडेच्या उलट्या बाजूला ती पट्टी दिसली की भाव करताना ते बोलून दाखवा.

आणि एक गंभीर गोष्ट. आधुनिक नृत्याची जननी म्हणून ओळखली जाणारी इझाडोरा डंकन १४ सप्टेंबर १९२७ला फ्रान्समधल्या नीस शहरात एका उघड्या मोटारीत बसली. गळ्यात लांब रेशमी शाल होती. गाडी सुरू झाली, शाल चाकात अडकली आणि तिचा जागीच मृत्यू झाला. ही शंभर वर्षांपूर्वीची परदेशातली गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडे दुचाकीच्या मागच्या चाकाला जाळी लावलेली असते, जिला सगळे ‘साडी गार्ड’ म्हणतात, ती याच कारणासाठी. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून असं संरक्षण असणं नियमातच आहे. स्पोर्ट्स बाईकचा लुक बिघडतो म्हणून अनेकजण ते काढून टाकतात. गुडघ्याखाली जाणारं, त्याखाली वीतभर झालर असलेलं जॅकेट घालून मागे बसायचं असेल तर ते आधी काढून बॅगेत ठेवा. फोटो पोचल्यावर काढता येतो.

किमोनो आणि बोहो, थोडक्यात

किमोनो हा जपानी पोशाख. साधारण फूट-सव्वा फूट रुंदीच्या एका लांब ताग्यातून सरळ तुकडे कापून तो शिवतात, डावी बाजू उजवीवर घेतात आणि ओबी नावाच्या रुंद पट्ट्याने बांधतात. आपल्या जॅकेटला पट्टा नाही, घडी नाही. राहिली फक्त सैल सरळ बाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानशी व्यापार वाढला तेव्हा युरोपातल्या श्रीमंत बायका किमोनो घरात गाऊनसारखे घालू लागल्या, आणि पॉल प्वारेसारख्या पॅरिसच्या डिझायनरांनी त्या सैल कटावरून कोट बेतले. तेव्हापासून पुढून उघडं, सैल असं काहीही ‘किमोनो’ झालं.

जपानी लोकांना हे नेहमीच रुचतं असं नाही. २०१९मध्ये किम कार्दाशियनने आपल्या अंतर्वस्त्रांच्या ब्रँडला ‘किमोनो’ नाव दिलं तेव्हा क्योटोच्या महापौरांनी जाहीर पत्र लिहून फेरविचार करायला सांगितलं. तिने नाव बदललं. आज तो ब्रँड स्किम्स म्हणून ओळखला जातो.

‘बोहो’ची कथा आणखी उलटसुलट. बोहेमिया हा आजच्या चेक प्रजासत्ताकातला प्रदेश. पंधराव्या शतकात रोमा लोक फ्रान्समध्ये आले तेव्हा ते तिकडूनच आले असं समजून फ्रेंचांनी त्यांना ‘बोहेमियन’ म्हटलं. पुढे पॅरिसमधले कफल्लक चित्रकार-लेखक स्वस्त वस्त्यांत, बिनधास्त राहायचे, त्यांनाही तोच शब्द चिकटला. आँरी म्युर्जेच्या कथांचं पुस्तक १८५१मध्ये आलं, त्यावरचा पुच्चिनीचा ‘ला बोएम’ हा ऑपेरा १८९६मध्ये, आणि गरिबीची ही रोमँटिक छबी पक्की झाली.

गंमत म्हणजे रोमा लोकांचं मूळ बोहेमियात नाही, उत्तर भारतात. त्यांच्या भाषेत एक ते पाच मोजायचं तर येख, दुय, त्रिन, श्तार, पांज असं काहीसं म्हणतात. मराठी कानाला दुभाषा लागणार नाही. त्यांच्यासाठी वापरला जाणारा ‘जिप्सी’ हा शब्द अनेक रोमांना अपमानास्पद वाटतो, त्यामुळे कॅप्शनमध्ये ‘जिप्सी व्हाइब्स’ लिहायचा मोह आवरलेला बरा.

आज डोळ्यांसमोर येणारा बोहो लुक मात्र मुख्यतः १९६०-७०चा. लंडनच्या किंग्ज रोडवर १९६६मध्ये उघडलेल्या ‘ग्रॅनी टेक्स अ ट्रिप’ या दुकानात आजीच्या काळातले कपडे नव्या पोरांना विकले जात. बार्बरा हुलानिकीच्या ‘बिबा’ने गडद मखमल आणि १९२०-३०ची नक्षी मध्यमवर्गीय मुलींच्या आवाक्यात आणली. फ्लीटवूड मॅकची गायिका स्टीव्ही निक्स स्टेजवर झालरीच्या शाली पंखांसारख्या पसरायची. म्हणजे ज्याला आपण सत्तरचं म्हणतो, ते त्या काळातही ‘जुन्यासारखं’ म्हणूनच विकलं जात होतं. याच वर्षांत हिप्पी गोव्यात आले आणि हणजुण्याच्या बाजारात आपल्याकडचे कपडे, वस्तू विकू लागले. तिथेच पुढे लमाणी बायकांचं आरसेकाम परदेशी खांद्यांवर गेलं. २०२४च्या सुरुवातीला क्लोए या फ्रेंच ब्रँडसाठी केमेना कमालीने पहिलं कलेक्शन दाखवलं, ते पुन्हा याच लुकचं. सध्याच्या लाटेत त्याचा मोठा हात आहे.

व्हिंटेज की व्हिंटेजसारखं?

बाजारात साधारणपणे वीस वर्षांहून जुन्या कपड्याला व्हिंटेज आणि शंभर वर्षांहून जुन्याला अँटिक म्हणतात. ‘व्हिंटेज-इन्स्पायर्ड’ किंवा ‘व्हिंटेज स्टाइल’ म्हणजे नवं कोरं. त्यात गैर काही नाही, पण स्क्रीनवर हा दुसरा शब्द नेहमी बारीक अक्षरात असतो.

‘१९२०चं ओरिजिनल’ असा दावा असेल तर धाग्याचं वय विचारा. नायलॉन जगासमोर आलं १९३८मध्ये. पॉलिएस्टरच्या धाग्याचं पेटंट १९४१चं. त्यामुळे मागचं कापड नायलॉनचं किंवा झालर पॉलिएस्टरची असलेलं जॅकेट १९२०चं असूच शकत नाही. धुण्याच्या सूचना असलेलं लेबल आतून शिवलेलं असेल तरी तेच. अमेरिकेत ही लेबलं सक्तीची झाली १९७२मध्ये.

उलट, खरंच जुनं असेल तर दुसरी काळजी घ्यावी लागते. त्या काळात रेशीम जड वाटावं म्हणून त्यात धातूंचे क्षार मुरवत. असं रेशीम वर्षांनी आपोआप तडकतं. कापड उजेडासमोर धरून खांद्याजवळ आणि काखेत बारीक उभ्या चिरा दिसतात का बघा. त्या शिवून थांबत नाहीत. असा पीस भिंतीवर लावायला घ्या, लग्नात नाचायला नको.

लेबल नसेल तर धाग्याची परीक्षा करता येते. झालरीतला एक धागा चिमट्यात धरून, स्टीलच्या ताटलीवर, बाजूला पाणी ठेवून पेटवा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरली तर रेशीम. कागदासारखा भुर्रकन जळला आणि हलकी राख राहिली तर रेयॉन. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. झालर आणि मखमल वेगवेगळ्या धाग्याची असू शकते, म्हणून आतल्या शिवणीतलाही एक धागा घ्या.

रेयॉन भुर्रकन जळतं हे वाचून पुढे जाऊ नका. १९९४मध्ये अमेरिकेत भारतातून गेलेले रेयॉनचे पातळ स्कर्ट नेमके याच कारणासाठी बाजारातून परत मागवले होते. दिवाळीच्या फोटोशूटमध्ये जमिनीवर पणत्या आणि वर लोंबणारी झालर ही जोडी टाळलेली बरी.

घेतल्यावर काय करायचं?

बर्नआउट मखमल घरी धुऊ नका. ओलं झाल्यावर रेयॉनची ताकद बरीच कमी होते आणि पिळलं की लव कायमची बसते. ड्रायक्लीनला देताना ‘बर्नआउट आहे, झालर आहे’ हे तोंडाने सांगा. इस्त्री थेट फिरवायची नाही. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफेत हँगरवर लटकवलं की बहुतेक सुरकुत्या जातात. अगदीच गरज पडली तर टर्किश टॉवेलवर लव खाली करून, उलट्या बाजूने, इस्त्री न टेकवता नुसती वाफ द्या. झालर गुंतली तर टोकाकडून वरच्या दिशेने बोटांनी सोडवा, कंगव्याने धागे तुटतात. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये ठेवलंत तर बुरशी येईल. जुन्या सुती साडीत सैल गुंडाळी करून ठेवलेलं चांगलं.

आणि हे सगळं वाचून शिवूनच घ्यायचं ठरवलंत, तर कट अवघड नाही. पाठ, दोन पुढचे भाग, दोन बाह्या, सगळं जवळपास सरळ. कापड घेताना मात्र नेहमीपेक्षा थोडं जास्त घ्या, कारण मखमलीचे सगळे तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात. टेलरकडे देण्याआधी कापडावर हात फिरवून लव कुठल्या बाजूला बसते ते बघा आणि उलट्या बाजूवर खडूने त्या दिशेचा बाण काढून द्या.